डावीकडे अडकतंय

फिरकीवर मांजा गुंडाळलाय कधी? गुंडाळला असेल तर या लेखातला अर्धा भाग तुम्हाला आधीच कळला आहे. एका हाताने फिरकी फिरवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत मांजा धरून तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा सारखा नेत राहायचं. नेला नाही तर मांजा एकाच जागी टेकाड करून बसतो. वरचे वेढे घसरतात, खालच्यात रुततात, आणि ऐन पेच लागलेला असताना फिरकी अडते. मग पतंग कोणाचा कापला जातो ते सांगायला नको.

मासे पकडायच्या रिळाचं तंतोतंत तेच आहे. फक्त मांज्याच्या जागी तंगूस आणि पतंगाच्या जागी मासा. तंगूस रिळावर सारखा पसरला पाहिजे, आणि तो पसरवायचं काम डाव्या हाताचा अंगठा करतो. ज्यांना अंगठ्याला हा त्रास द्यायचा नसतो त्यांच्यासाठी रिळाच्या पुढे एक छोटी गाडी बसवलेली असते. तिच्या भोकातून तंगूस ओवायचा. हँडल फिरवलं की ती गाडी आपोआप या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. या व्यवस्थेला लेव्हलवाइंड म्हणतात. तिचा प्रसार करण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो अमेरिकेतल्या कालामाझू गावचा माणूस, नाव विल्यम शेक्सपिअर ज्युनियर. (हो, खरंच. त्याने 1897 साली काढलेली कंपनी त्याच नावाने रिळं विकायची. नाटकांशी काही संबंध नाही.)

आता मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या, पोहताही न येणाऱ्या मुलाचा मासेमारीशी काय संबंध, हे सांगतो.

आमचं घर नाहूरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन. 2006 साली झालं, आणि फास्ट लोकल तिथे थांबत नाही, त्यामुळे अर्ध्या हॉस्टेलला ते फक्त खिडकीतून ठाऊक आहे. आमच्या मजल्यावर शेजारी एक काका राहतात. मूळचे अलिबाग तालुक्यातले, धरमतर खाडीच्या काठचे. भांडुपच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. एके दिवशी प्रेस खाली आली आणि डाव्या हाताचा अंगठा बुंध्यापासून गेला. ही गोष्ट माझ्या जन्माच्या आधीची. काका ती फार सांगत नाहीत. पगारी रजा किती दिवस मिळाली एवढंच सांगतात.

तर अंगठा नाही, आणि छंद गळ टाकायचा. साध्या रिळावर तंगूस पसरवणार कशाने? म्हणून बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या मेव्हण्यांनी फार वर्षांपूर्वी परदेशातून लेव्हलवाइंडवालं रीळ आणून दिलं. कंपनीचं नाव बाजूच्या प्लेटवरून कधीच झिजून गेलंय. काका उजव्या हाताने गळ फेकतात, मग काठी डाव्या हातात घेतात. रीळ चार बोटं आणि तळवा यांच्या खोबणीत बसतं, उजव्या हाताने हँडल, आणि अंगठ्याचं काम ती गाडी करते. मी एकदा म्हटलं होतं, “काका, हल्ली ते उभ्या स्पूलचं स्पिनिंग रीळ मिळतं की पाच-सातशे रुपयांत. त्यात तंगूस आपोआप पसरतो.” ते म्हणाले, “आणून बघितलं. काठीखाली लोंबकळतं ते. मासा लागला की काठी हातात गरकन फिरते, ती अडवायला अंगठाच लागतो.” इंजिनिअरिंगची तीन वर्षं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. मी गप्प बसलो.

2025 च्या गणपतीत, गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी, म्हणजे 2 सप्टेंबरला, काका रीळ एका फडक्यात गुंडाळून आमच्या घरी घेऊन आले. “बाला, हे डावीकडे अडकतंय. बघतोस का?” रविवारी, 7 तारखेला पौर्णिमा होती. पौर्णिमा म्हणजे उधाण, आणि उधाणाच्या भरतीला गावच्या खारबांधाच्या उघाडीपाशी जिताडा येतो, असा काकांचा हिशोब. रायगडच्या माणसाला जिताडा म्हणजे काय हे मी लिहिण्यात अर्थ नाही, आपल्या हॉस्टेलमध्ये पेणची दोन मुलं आहेत, त्यांना विचारा आणि तासभर मोकळा ठेवा. काकांनी जवळच्या सायकलवाल्याकडे आधीच एक चक्कर मारली होती. त्याने पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर लावून बघितलं, एक जागा ओरबाडली आणि रीळ परत केलं.

हातात चार दिवस. त्यातले अडीच हॉस्टेलवर.

आधी रीळ उघडलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या सगळ्यांचा हात पहिल्यांदा स्क्रूकडे जातो. रीळ टेबलावर ठेवून हँडल हळू, अगदी घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं आणि गाडीकडे बघत राहिलो. उजवीकडे नीट गेली, तिथे वळली, डावीकडे आली, आणि टोकाला पोचून तिथेच थरथरत उभी राहिली. स्पूल फिरतंय, गाडी उभी. हँडल जरा मागे घेऊन पुन्हा दिलं की निघायची. दोनदा असंही झालं की गाडी टोकाला न जाता मधूनच मागे फिरली. म्हणजे तक्रारी एक नाही, दोन. डावीकडे अडकणं आणि मधून परतणं.

आता आतली गंमत सांगतो. गाडीखाली एक बारीक दांडा असतो, त्याला वर्म शाफ्ट म्हणतात. साध्या स्क्रूला एकच आटा असतो, म्हणून तो फिरला की नट एकाच दिशेला जातो आणि परत आणायला स्क्रू उलटा फिरवावा लागतो. या दांड्यावर दोन आटे असतात, एक उजवा, एक डावा, एकमेकांना कापत जाणारे. दोन्ही टोकांना हे आटे एका गुळगुळीत वळणाने जोडलेले असतात. म्हणजे खाच एकच, न संपणारी. गाडीच्या पोटात नखाएवढा एक तुकडा असतो, पॉल. त्याचं पातं या खाचेत बसतं. दांडा एकाच दिशेला फिरत राहतो, पॉल खाचेतून सरकत टोकाला येतो, वळणावर स्वतःभोवती जरासा फिरतो आणि उलट्या आट्यात शिरून परत निघतो. आपल्या टीओएमच्या पुस्तकात कॅम आणि फॉलोअरचा जो धडा आपण मार्कांसाठी पाठ करतो, त्यातला सिलिंड्रिकल कॅम तो हाच. आकृती मी तीनदा काढली होती. वस्तू पहिल्यांदा हातात घेतली ती त्या संध्याकाळी.

प्रश्न असा की दोन खाचा जिथे एकमेकींना कापतात तिथे पॉल भलत्या खाचेत का शिरत नाही? नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर दोन रेल्वेमार्ग एकमेकांना कापतात, तिथे सांधा बदलायची सोयच नाही, गाडी आली तशी सरळ निघून जाते. इथेही तसंच. पॉलचं पातं त्या चौकापेक्षा लांब असतं. पुढचं टोक चौक ओलांडून आपल्या खाचेत शिरलं तरी मागचं टोक अजून आधीच्या खाचेतच असतं, म्हणून तो वळूच शकत नाही. पण पातं झिजून आखूड झालं की चौकात ते मोकळं पडतं आणि मनाला येईल त्या खाचेत जातं. मधूनच परतायचं कारण हे.

मग मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेतला. गाडीच्या खाली एक छोटी टोपी असते, ती फिरवून काढली की पॉल हातात पडतो. (हातात पडला तर. माझ्या बहिणीने खाली ताट धरलं होतं. या युक्तीचं श्रेय तिला द्यायचं कबूल केलंय.) पॉल काढून हँडल फिरवलं. दांडा फिरतोय, म्हणजे हँडलपासून तिथपर्यंतची चाकं ठीक. गाडी बोटाने ढकलून बघितली, ती दांडीवर जड सरकत होती. मिठाची पांढरी पुटं आणि जुनं ग्रीस यांचा चिखल झाला होता. खाडीचं पाणी खारं, काका रीळ घरी आल्यावर पुसतात पण धूत नाहीत. धुतलं तर गंजेल, असं त्यांना वाटतं. मीठ राहिलं तर जास्त गंजतं हे सांगितलं तेव्हा त्यांनी “बघू” म्हटलं. काकांचं “बघू” म्हणजे नाही.

पॉल भिंगाखाली धरला. पात्याचं एक टोक नीट होतं, दुसरं उतरतं झालेलं, घासून गेलेल्या नखासारखं. नवा पॉल विकत मिळतो, पण त्यासाठी रिळाचं नाव-मॉडेल माहीत हवं. नाव नसलेल्या रिळाचा पॉल कुठे मागणार? बनवायचा ठरला.

बुधवारी हॉस्टेलवर परत आलो. रीळ साबणाच्या डब्यात घालून आणलं होतं, त्यामुळे पहिला तास रूममेट्सना ती बॉम्ब नाही हे पटवण्यात गेला. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या बाइकवाल्याकडून बाटलीच्या बुचाएवढं पेट्रोल घेतलं. जुना टूथब्रश आणि दोरा. पेट्रोलमध्ये भिजवलेला दोरा खाचेत बसवायचा, दोन्ही टोकं धरून ओढत ओढत खाचेच्या वळणाने न्यायचा. काळा चिखल दोऱ्याबरोबर बाहेर येतो. ब्रश जिथे पोचत नाही तिथे दोरा पोचतो. हे बाल्कनीत केलं, खोलीत नाही. वॉर्डनसर वाचत असतील तर त्यांनी याची नोंद घ्यावी.

साफ केल्यावर मोजमापं घेतली, कारण मोजल्याशिवाय चैन पडत नाही, आणि सबमिशन नव्हतं. मोठ्या चाकाला 53 दात, स्पूलच्या पिनियनला 10. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे 5.3 फेरे. गाडीची एक जा-ये हँडलच्या आठ फेऱ्यांत होते, म्हणजे त्या वेळात स्पूलचे 42.4 फेरे. स्पूलची रुंदी 42 मिलिमीटर. एका दिशेला 21.2 फेरे, तेव्हा दर फेऱ्याला तंगूस सुमारे 2 मिलिमीटर बाजूला सरकतो. काकांचा तंगूस अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे वेढे एकाला एक चिकटून बसतच नाहीत, तिरके, एकमेकांना कापत जातात. मला आधी वाटलं, ही कंजुषी आहे, चिकटून बसवले असते तर जास्त तंगूस मावला असता. पण तिरके वेढे असले की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या फटीत रुतत नाही. मासा जोरात ओढतो तेव्हा हेच वाचवतं. आणि ते 42.4 मधलं पॉइंट चार? ते तसंच सोडलंय की मुद्दाम ठेवलंय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. ते शनिवारी कळलं, आणि कॉलेजमध्ये नाही.

गुरुवारी प्रॅक्टिकल संपल्यावर वर्कशॉपमध्ये गेलो. फिटिंग शॉपचे दादा म्हणजे आपल्या कॉलेजमधले सर्वांत कमी बोलणारे आणि सर्वांत जास्त जाणणारे गृहस्थ. मी म्हटलं, पॉल सिल्व्हर स्टीलचा करून पाणी देतो, कडक होईल, जन्मभर झिजणार नाही. त्यांनी रीळ हातात घेतलं, दांडा फिरवून बघितला आणि विचारलं, “हा दांडा दुसरा मिळतो?” नाही म्हटलं. “मग कडक तुकडा लावून दांडा झिजवणार?” भंगाराच्या पेटीतून त्यांनी फॉस्फर ब्राँझच्या जुन्या बुशचा तुकडा काढून दिला. झिजायचं असेल तर जो भाग संध्याकाळभरात पुन्हा करता येतो त्याने झिजावं. परीक्षेत ‘मटेरियल सिलेक्शन’वर दहा मार्कांचा प्रश्न येतो, त्याचं उत्तर दीड वाक्यात झालं.

लेथवर 4 मिलिमीटरचा दांडा काढला, त्याच्या टोकाला पातं घासलं. पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब करताना हात सोलवटले होते आणि आपण सगळ्यांनी कॉम्प्युटरच्या जमान्यात फाइल कोण मारतं, असं म्हटलं होतं. इथे तर नीडल फाइल, आणि पातं एक मिलिमीटर जाड. शिवाय पातं सरळ असून चालत नाही, खाचेच्या तळाची गोलाई त्याला द्यावी लागते, नाहीतर ते दोन टोकांवर किंवा मधल्या एका बिंदूवर टेकतं. गोलाई जमली का हे बघायला पात्यावर परमनंट मार्करची शाई लावायची, पॉल खाचेत घालून दोन फेरे द्यायचे आणि काढून बघायचं. शाई जिथली गेली तिथे टेकतंय. तिथेच एक हात फाइल मारायची, परत शाई. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. दादा सहा वाजता कुलूप लावतात, त्या दिवशी सातला लावलं. एकाऐवजी तीन पॉल केले, कारण पहिला करताना जो वेळ गेला त्याच्या चौथाई वेळात पुढचे दोन झाले.

नवा पॉल बसवला, टोपी घट्ट केली, आणि गाडी हलेना. टोपी पॉलला खाली दाबत होती, मग तो टोकाला वळणार कसा? टोपी सैल ठेवली तर पॉल खाचेतून वर येऊन घसरणार. टोपीच्या कडेखाली काहीतरी पातळ हवं होतं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा मायक्रोमीटरमध्ये धरला तर 0.1 मिलिमीटर. कात्रीने त्याची चकती कापली. एक घातली तर अजून जड. दोन घातल्या, आणि गाडी लोण्यासारखी पळायला लागली.

खरी परीक्षा रिकाम्या रिळाची नसते. तंगूस भरला, काठीच्या जागी झाडूचा दांडा घेतला, रीळ सुतळीने बांधलं आणि कॉरिडॉरमध्ये आलो. मासा म्हणून माझा रूममेट. वजन ब्याऐंशी किलो, हा जिताडा नव्हे, शार्क. तो तंगुसाचं टोक कमरेला बांधून कॉरिडॉरच्या त्या टोकाला गेला आणि मी त्याला ओढायला लागलो. सगळा मजला दारात उभा. कोणी भाव विचारतंय, कोणी तुकड्या करून दे म्हणतंय. इतक्यात वॉर्डनसर वर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कमरेला दोरी बांधलेल्या रूममेटकडे बघितलं आणि विचारलं, “काय चाललंय?” रूममेट म्हणाला, “सर, मी मासा आहे.” सर काही न बोलता खाली गेले. त्यांच्या त्या संयमाबद्दल इथे मनापासून आभार.

पण निकाल चांगला नव्हता. मधून परतणं पूर्ण थांबलं होतं. मात्र ताण आला की डावीकडे चार-पाच फेऱ्यांत एकदा गाडी अडायचीच. रिकामं असताना नाही, ताणावर अडते. उजवीकडे कधीच नाही. पॉल बदलून बघितला, तिन्ही पॉल सारखेच वागले. म्हणजे आजार पॉलमध्ये नाही, दांड्यात आहे, आणि डाव्या वळणावरच आहे. शुक्रवारी रात्रीपर्यंत भिंगातून बघून बघून डोळे दुखायला लागले. मला त्या वळणावर काहीच दिसलं नाही.

शुक्रवारी रात्री उशिरा घरी आलो. शनिवारी अनंत चतुर्दशी. बाहेर ढोल, आणि मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दांडा सुटा करून बसलेलो.

माझी आजी गिरणीत होती. लालबागला, वाइंडिंग खात्यात. मुंबईच्या गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांतच असायच्या. बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनवर गुंडाळायचं, धागा तुटला की गाठ मारायची, आणि एका बाईकडे असे कितीतरी कोन. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आजी त्यातली एक. ती परत आत गेली नाही. पुढे बरीच वर्षं तिने घरी बसून देवाच्या वाती वळून विकल्या. वाती अजून वळते, आता विकत नाही, मजल्यावर वाटते. तिच्या टोपलीत कापूस कायम असतो.

ती समोर येऊन बसली आणि दांड्याकडे बघून म्हणाली, “हा आमचा ड्रमच की.” मला कळेना. मग तिने सांगितलं. वाइंडिंगच्या मशिनवर कोनखाली एक ड्रम फिरतो, त्याला अशीच एकमेकांना कापणारी खाच. धागा त्या खाचेतून सरकत डावीकडे-उजवीकडे जातो आणि कोनवर तिरका बसतो. तिथे पॉल नसतो, धागा स्वतःच खाचेत चालतो. आणि तिने त्या 42.4 चाही उलगडा केला, अर्थात आकडा न वापरता. धागा दर फेरीला पहिल्याच जागी पडला तर कोनवर त्याची पट्टी बसते, पट्टीचा कोन पुढे उलगडताना तुटत राहतो, आणि खात्यात बोलणी बसतात. म्हणून धागा दर वेळी जरा सरकून पडला पाहिजे. पॉइंट चार म्हणजे ते जरासं सरकणं. पूर्ण 42 फेरे असते तर प्रत्येक थर आधीच्या थरावर बरोबर चढला असता.

“आणि खाच कुठे खरखरीत झाली तर?” मी विचारलं.

“डोळ्यांना कुठे दिसतं ते,” ती म्हणाली. टोपलीतून तिने चिमूटभर कापूस घेतला, बोटांत सैल धरला आणि दांड्याच्या खाचेतून हलकेच ओढत नेला. उजव्या टोकापासून डावीकडे, चौकामागून चौक. कापूस सरकत होता. डाव्या वळणावर आला आणि त्यातला एक तंतू मागे राहिला. दांड्याला चिकटून उभा, लहान मुलाच्या केसासारखा. तिने परत केलं. परत तिथेच तंतू राहिला.

भिंगातून त्या तंतूच्या बुडाशी बघितलं तेव्हा दिसली. वळणाच्या आतल्या कडेला एक कूस, धातूचा वर उचललेला कण, दाण्याएवढाही नाही. त्याच्याच शेजारी स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याची बारीक रेघ. रिकामं असताना पॉल त्यावरून उडी मारून जायचा. तंगुसाचा ताण आला की गाडी एका बाजूला रेलायची, पॉल आतल्या कडेला दाबला जायचा आणि कुशीला अडायचा.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. खराट्याच्या काडीला एक हजार नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून ती जागा घासली, मग ब्रासो लावलेल्या दोऱ्याने खाच पुसली. दर पाच मिनिटांनी आजी कापूस फिरवायची. तिसऱ्या वेळी कापूस डाव्या वळणावरून अख्खा बाहेर आला. तिने तो बघितला, त्याचीच एक वात वळली आणि उठून गेली. खाली विसर्जनाची मिरवणूक निघाली होती, तिला ती बघायची होती.

शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब वर्म शाफ्टवर आणि एक गाडीच्या दांडीवर. ग्रीस नाही, ग्रीस वाळू धरून ठेवतं. रीळ बंद केलं. मासा म्हणून या वेळी बहीण, ती गच्चीत पळाली. साठ वेळा गाडी डावीकडे गेली, साठ वेळा वळली.

काका रविवारी पहाटेच्या एसटीने गेले. पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, तेव्हा त्यांची वेळ रात्रीची. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. घरच्यांनी ग्रहणात बांधावर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, काकांनी “बघू” म्हटलं होतं. सोमवारी सकाळी हॉस्टेलच्या मेसमध्ये चहा घेत असताना त्यांचा फोन आला. जिताडा नाही. दोन शिंगाळे, त्यातला एक बरा मोठा, ओढायला वेळ लागला. चंद्र तांबडा झालेला ढगांतून दिसला. बांधावर शेजारी बसलेल्या माणसाचं रीळ मध्येच अडलं, तेही असंच गाडीवालं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? तुझ्याकडचे ते दोन तुकडे उरलेत ना, ते घेऊन ये दसऱ्याला. आणि म्हातारीला म्हणावं, थोडा कापूस पाठव.”